मदतीचा हिशेब आणि धुराचा हिशेब

(सांगली व सातारा जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



१९१९ साली लंडनमध्ये एग्लंटाइन जेब या विदुषीने ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था उभी केली. महायुद्ध थांबले होते, पण पराभूत देशांची नाकेबंदी उठली नव्हती. शत्रूच्या उपाशी मुलांसाठी पत्रके वाटली म्हणून बाईंवर खटला भरला गेला. त्याच वर्षी आपल्या कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. हा योगायोगच, तथापि मूल हा दयेचा विषय नव्हे, ही जाण दोन्हीकडे होती.

ती लंडनची संस्था आज स्वतःच्या कार्बन-उत्सर्जनाचा विचार करू लागली आहे. २०२१ साली रेडक्रॉसच्या पुढाकाराने मानवतावादी संस्थांची हवामान-सनद निघाली, तीवर तिची सही आहे. मदतकार्यातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन वेगाने घटवू, असे वचन त्या सनदेत आहे. २०२० साली जन्मलेल्या मुलाला १९६० साली जन्मलेल्या त्याच्या आजोबांपेक्षा सरासरी सुमारे सातपट उष्णतेच्या लाटा सोसाव्या लागतील, असा इशाराही याच संस्थेने २०२१ मध्ये दिला. असा इशारा देणाऱ्याने आपल्या विमानप्रवासाचा हिशेब द्यावा, हे रास्तच होय.

परंतु कात्री कोठे लागणार? माझी शंका येथे सुरू होते. अशा संस्थांचा धूर कचेरीतल्या दिव्यांपेक्षा खरेदीच्या मालातून, वाहतुकीतून आणि विमानांतून अधिक निघतो. काटकसरीची पाळी आली की मात्र प्रथम हात आखडतो तो गावाच्या टोकाशी.

ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांवर गेली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली, बायामुले बुडाली. तेथे आणखी बोटी हव्या होत्या आणि त्यांना लागणारे डिझेलही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. दरडीखालची माणसे काढणारे यंत्र धूर सोडतेच. त्या धुराबद्दल कोणी आपल्या कार्यकर्त्याला जाब विचारू नये.

कपात व्हावी ती वरच्या मजल्यावर. परिषदांची उड्डाणे थांबवा. गूळ, शेंगदाणे, ज्वारी येथे पिकत असता मदतीचे खोके परमुलखातून कशाला? माण-खटाव, जत-आटपाडीत उन्हाळ्यात टँकर फिरतो, तोही डिझेलवरच. येरळाकाठच्या शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात चळवळ करून बळीराजा धरण बांधले. टँकरचा धूर कमी करण्याचा तो खरा मार्ग. बालककल्याणाच्या अंदाजपत्रकात अशा कामाला जागा आहे काय?

या संस्थेच्या ब्रिटिश शाखेने २०२२ साली एका वायू-कंपनीने युक्रेनसाठी देऊ केलेले दहा लाख डॉलर नाकारले. उपाशी मुलापुढे तत्त्वाचा तोरा कसला, असे कोणी म्हणेल. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण असा पैसा देणारा त्याबरोबर आपल्या धंद्याला सभ्यतेचे प्रशस्तिपत्रही विकत घेत असतो. युनिसेफनेच २०२१ मध्ये दाखवून दिले की मुलांना सर्वाधिक धोका असलेल्या ३३ देशांचा जगाच्या कार्बन-उत्सर्जनातील वाटा अवघा ९ टक्के आहे. बाकीचा हिशेब कोणाकडे मागायचा, हे यावरून उघड आहे.

तेव्हा यापुढे कोणतीही संस्था आपल्या जिल्ह्यात आली की ग्रामसभेत तिच्याकडे दोन आकडे मागावेत : विमानावर किती खर्च केला आणि माल स्थानिक बाजारातून किती घेतला. तिसरा आकडा तहसीलदारांकडे मागावा, आणि तो पावसाळ्यापूर्वीच : नदीकाठच्या प्रत्येक गावी बोटी किती.