हुतात्मा जवानाचे चरित्र
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



रणांगणी पडलेल्या एका तरुण सैनिकाचे स्मरण करण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. ज्यांचे नाव आज घ्यावयाचे ते नाईक यशवंत घाडगे ना आपल्या गोंदिया जिल्ह्याचे, ना आपल्या ज्ञातीचे. परंतु जो देह रणांगणी ठेवतो, त्याची ज्ञाति विचारण्याचा अधिकार कोणास उरत नाही, अशी आमची श्रद्धा आहे.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. त्यांचे गाव माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी. तो जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईकाच्या हुद्द्यावर होते. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. त्याच युद्धाच्या काळात आपल्या बिरसीस विमानांची धावपट्टी झाली, हे येथील वृद्ध मंडळींनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. युद्ध दूर देशी चालले तरी त्याची झळ खेड्यापाड्यांस लागल्यावाचून राहत नाही.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि यशवंतरावांच्या हाताखालील सर्व जवान ठार अथवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे. मागे कोणी नाही हे ठाऊक असूनही ते मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी ती गन व ती चालविणारा यांस निकामी केले, दुसऱ्यास गोळी घातली, आणि काडतुसांची पेटी बदलण्यास अवधी नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस लोळविले. तोच दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. काबीज केलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी देह ठेवला. वय अवघे बावीस वर्षांचे! व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीच्या हाती आले.

ते साम्राज्याचे शिपाई होते, असा आक्षेप कोणी घेईल. त्या वर्षी आपले थोर पुढारी तुरुंगात होते, हेही खरे. परंतु युद्ध कोणाचे हे शिपाई ठरवीत नसतो. सोबत्यांस सोडावयाचे नाही, एवढेच त्याच्या हाती असते. ते त्यांनी प्राणपणाने पाळले. ज्यांच्या भूमीवर ते पडले, त्या इटलीतील मोंतोने गावी जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले. एकोणऐंशी वर्षांनीही परक्यांनी आठवण ठेवली. आपल्याकडे माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे.

पण बंधूंनो, येथेच आमचे मन अडखळते. यशवंतरावांच्या अखेरच्या काही क्षणांचा वृत्तांत सरकारी राजपत्रात छापला गेला. तो जगाने वाचला. त्याआधीच्या बावीस वर्षांचे काय? तो मुलगा कोणत्या खेळात रमे, आईस काय म्हणून हाक मारी, रजेवर आला की प्रथम कोणाच्या घरी जाई, हे आज कोण सांगेल? आम्ही आयुष्यभर शाळेत दाखलखारीज रजिस्टर लिहिले. त्यात मुलाची जन्मतारीख असते, शाळा सोडल्याचे कारण असते. मुलगा मात्र त्यात नसतो. तो जाणत्यांच्या तोंडीच राहतो, आणि ती माणसे गेली की पुन्हा एकदा मरतो.

आजही आपल्या आठही तालुक्यांतून तरुण मुले सैन्यात व पोलिसांत भरती होतात. देशासाठी एखादा पडला म्हणजे तिरंग्यात लपेटलेला देह येतो, चौकात गर्दी लोटते, फलक लागतात. तेराव्यानंतर मात्र त्या अंगणात कोण जातो? वीरपत्नीचे कागदपत्र कोणत्या कचेरीत अडले आहेत, तिला पुढे शिकावयाचे आहे काय, पुन्हा संसार मांडावयाचा आहे काय, हे तिला कोण विचारतो? तिचा सन्मान करावयाचा आणि तिचा निर्णय मात्र आपण करावयाचा, हा सन्मान नव्हे.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना आहे. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे असतात, गुणवंतांची छायाचित्रे असतात, विवाहेच्छूंची यादी असते. हे सर्व योग्यच आहे. त्यांच्या जोडीस दरवर्षी चार पृष्ठे जिल्ह्यातील एका दिवंगत जवानासाठी राखावीत. तो कोणत्याही ज्ञातीचा असो. दोघा कार्यकर्त्यांनी त्याच्या घरी जावे, आईवडील हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून त्याचे जीवन लिहून घ्यावे, त्याची पत्रे पाहावीत, आणि निघताना घरची अडचण विचारून ती मंडळापुढे मांडावी. यास फारसे द्रव्य लागत नाही. सवड आणि आस्था लागते.

यशवंतरावांसाठी हे करण्याची वेळ बहुतांशी निघून गेली. आपल्या मुलांसाठी ती अजून गेलेली नाही. 

जय हिंद!