तबकडी काढताना घाई नको

सोलापुरात अनेक घरांत वडिलांचं चावीचं एचएमटी घड्याळ पेटीत पडून असतं. 2016 साली ही घड्याळ कंपनी बंद करायचं सरकारनं ठरवलं. आता मूळ तबकडी खराब झाली, की तशी दुसरी मिळणं कठीण.

गटात आम्ही दुरुस्ती शिकतोय. आधी काटे सरळ वर उचलून काढायचे. तबकडीच्या मागं दोन बारीक पाय असतात. यंत्राच्या कडेचे दोन स्क्रू ते पाय धरतात. स्क्रू जरासेच सैल करा, मग तबकडी उचला. ओढली तर पाय मोडतो. ओल्या फडक्यानं पुसू नका, अक्षरं जातात. बसवल्यावर स्क्रू हलके आवळा. आधी तासकाटा, मग मिनिटकाटा, दोन्ही बारावर.

तबकडी नव्यानं रंगवलेली असेल, तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा. विश्वास राहिला तरच काम येतं.