गिटार कुणाच्या बापाची?

(तरुण मित्रांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी कविता वाचणार नाही. आज रॉकवर बोलणार आहे. काही चेहरे वाकडे झालेले मला इथूनच दिसतायत. गोदीत माल उचलणारा हा मॅट्रिक पास पोरगा, याला इंग्रजी बाजा कशाला पायजे? ते कुलाबा-बांद्र्याच्या कॉलेजकुमारांचं खूळ. आपण आपली हलगी धरावी न् गप बसावं. असं म्हणणारे दोन प्रकारचे असतात. एक पांढरपेशे, ज्यांना वाटतं जगातलं नवं ते सगळं पहिल्यांदा त्यांच्याच दिवाणखान्यात उतरतं. दुसरे आपल्यातलेच, ज्यांना वाटतं वस्तीबाहेरचं जे जे आहे ते ते त्यांचं. दोघांनाही विचारू, ही गिटार कुणाच्या बापाची?

लिटल रिचर्ड अमेरिकेतल्या मेकन गावात बस स्टँडवर भांडी घासत होता. चक बेरी मोटारींच्या कारखान्यात राबत होता, पोटासाठी केसांची कारागिरी शिकला होता. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची, तेव्हा पुढचे सगळे रॉकवीर शाळेत होते. रॉकवाल्यांच्या मानमंदिरात 1986 पासून माणसं बसवली जातायत. थार्पबाईला तिथं जागा मिळाली 2018 साली. ती मेली 1973 ला. बिग मामा थॉर्नटनचं ‘हाउंड डॉग’ 1953 मध्ये काळ्यांच्या संगीताच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. तिच्या हाती काय आलं? एकदाच पाचशे डॉलरचा चेक, असं ती सांगायची. तीन वर्षांनी तेच गाणं एल्व्हिस प्रेस्ली गायला आणि जगाला वाटलं, हे त्याचंच.

आणि गोदीचं म्हणाल तर इंग्लंडात हे संगीत गोदीतूनच उतरलं. लिव्हरपूलच्या जहाजांवर काम करणारी पोरं पन्नासच्या दशकात न्यूयॉर्कहून येताना बॅगेत काळ्यांच्या रेकॉर्डी आणायची. त्यांना ‘क्युनार्ड यँक्स’ म्हणायचे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं आपली पहिली चांगली अमेरिकन गिटार 1961 मध्ये अशाच एका खलाशाकडून विकत घेतली. म्हणजे भांडी घासणाऱ्यानं वाजवलं, खलाशानं वाहून आणलं, मग ते जगाचं झालं. मधल्या मध्ये मालक तेवढा बदलला.

आता ‘इंडी’ या शब्दाकडे येतो, कारण आज बाजारात हा शब्द लई स्वस्त झालाय. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. कशापासून स्वतंत्र? जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या पोरांनी घरच्यांकडून, दोस्तांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती. कुठलं गाणं कितव्या खेपेला रेकॉर्ड झालं तेही पाकिटावर छापून टाकलं. बघा, यात लपवण्यासारखं काही नाही, तुम्हीपण करा! आपल्याकडे सायक्लोस्टाइलवर अंक काढून हातोहात वाटणाऱ्यांनी हेच केलं होतं. प्रकाशक दारात उभा करीना, तर दारच नको. 1980 मध्ये ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डींची वेगळी यादी निघाली. त्या यादीत शिरायची अट आवाजाची नव्हती. रेकॉर्ड दुकानापर्यंत बड्या कंपन्यांच्या वाटेनं जाता कामा नये, एवढीच अट. शब्दाचा अर्थ इतका सरळ होता.

मग काय झालं? नेहमी होतं तेच. माल चालायला लागला, बडे आले. क्रिएशन या इंडी कंपनीचा जवळजवळ अर्धा हिस्सा 1992 मध्ये सोनीनं घेतला. हळूहळू इंडी म्हणजे एक पोशाख झाला, केसांची एक तऱ्हा, गिटारचा एक खणखणाट. मालकी गेली न् पाटी राहिली.

म्हणून नवी रेकॉर्ड आली की मी तीन प्रश्न विचारतो. बोलतंय कोण? बोलतंय कुठल्या जिभेनं? आणि चावी कुणाच्या खिशात? पाळी संपल्यावर, लोकलमध्ये, कानात बोंडं घालून मी जे ऐकलं त्यातल्या काहींना हे तीन प्रश्न लावून दाखवतो.

पहिले स्लीफर्ड मॉड्स. नॉटिंगहॅमचे दोघं. जेसन विल्यमसन बोलतो, अँड्र्यू फर्न लॅपटॉपवर ठेका सोडतो. विल्यमसन जन्मला ग्रँथममध्ये. ते थॅचरबाईचं गाव! त्यानं कोंबड्यांच्या कारखान्यात काम केलं, नंतर सरकारी मदत मागायला येणाऱ्यांना सल्ला द्यायची नोकरी केली. नाव व्हायला लागलं तेव्हा वयाची चाळिशी उलटलेली. 2023 चा त्यांचा अल्बम ‘यूके ग्रिम’. यात गिटारची कसरत शोधाल तर निराश व्हाल. एक रखरखीत ठेका आणि त्यावर आपल्याच गावच्या हेलात, शिव्यांसकट, थुंकी उडवत बोलणारा माणूस. इंग्रजी मास्तरानं ज्या इंग्रजीला लाल रेघ मारली असती त्या इंग्रजीत. मला शब्दकोश घेऊन बसावं लागलं, आणि शब्दकोशात त्याचे अर्धे शब्द नाहीतच. तिथंच ओळख पटली. आपल्याही कवितेला असंच म्हणाले होते ना, ही कसली भाषा? अल्बममध्ये ठेका काही ठिकाणी तोच तोच होतो आणि दुसऱ्या बँडवाल्यांवर राग काढण्यात एक अख्खं गाणं जातं. तो राग मोठ्या चोरांसाठी राखायला हवा होता.

पण त्या रागामागे एक खरा प्रश्न आहे. 2019 मध्ये विल्यमसननं ब्रिस्टलच्या आयडल्स या बँडवर उघड आरोप केला, की हे कामगाराचा आवाज उसना घेतात. इंग्लंडात मोठा गहजब झाला. आपल्याला मात्र हा वाद नवा नाही. अनुभव कुणाचा आणि सहानुभूती कुणाची, यावर दलित साहित्यानं सत्तरच्या दशकात रात्री जागवल्यात. माझं मत सांगतो. जन्माचा दाखला बघून मी गाणं ऐकत नाही. पण दुसऱ्याच्या घामाचं गाणं म्हणणाऱ्यानं निदान स्वतः कुठं उभा आहे ते सांगावं. ते न सांगता घाम अंगाला चोळून मंचावर चढणं म्हणजे भाड्याचे फाटके कपडे.

दुसरा प्रश्न काळ्या पोरांचा. रॉक ज्यांनी जन्माला घातला त्यांच्याच नातवंडांना आता सांगतात, तुम्ही रॅप करा, रॉक गोऱ्यांचा! लंडनच्या नोव्हा ट्विन्स, एमी लव्ह आणि जॉर्जिया साउथ, यांनी 2020 मध्ये ब्रिटनच्या मोबो पुरस्कारवाल्यांना उघड पत्र लिहिलं. हे पुरस्कार काळ्यांच्या संगीतासाठी, तर त्यात रॉकचा विभाग का नाही? 2022 मध्ये पर्यायी संगीताचा विभाग सुरू झाला. पहिला पुरस्कार गेला बॉब व्हायलन या लंडनच्याच जोडीला. पत्र एकानं लिहावं, दार उघडून दुसऱ्यानं आत जावं, यालाच मी चळवळ म्हणतो.

नोव्हा ट्विन्सचा 2022 चा ‘सुपरनोव्हा’ ऐका. तो बास ऐकून वाटतं क्रेनच्या साखळ्या घसरतायत. सिंथेसायझर नाही, पायाखालच्या पेडलांवर बाईनं काढलेला आवाज आहे तो. 2025 चा ‘पॅरासाइट्स अँड बटरफ्लाइज’ जास्त घासूनपुसून काढलाय, आतल्या भीतीकडे वळतो. मला पहिला जास्त आवडला, पण बाईनं कायम मूठ आवळूनच उभं राहावं ही आपली अपेक्षासुद्धा एक जुलूमच. बॉब व्हायलननं 2022 चा ‘द प्राइस ऑफ लाइफ’ आणि 2024 चा ‘हम्बल अ‍ॅज द सन’ हे दोन्ही स्वतःच्या कंपनीतून काढले. पहिल्यात स्वस्तातलं अन्न गरिबाच्या शरीराचं काय करतं त्यावर गाणं आहे. वडापाववर दिवस काढणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. 2025 च्या जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या मंचावरून इस्रायली सैन्याविरुद्ध त्यांनी घोषणा दिली, वादळ उठलं, अमेरिकेनं व्हिसा रद्द केला. घोषणेच्या शब्दांवर भांडण होऊ शकतं. पण एक बघा, रेकॉर्डीची चावी त्यांच्याच खिशात होती.

आता वाळवंटात चला. आफ्रिकेतल्या नायजर देशातला तुआरेग गडी, एमडू मोक्तार. घरात धर्माचा धाक, गिटार मिळेना. त्यानं लाकडाची गिटार स्वतः बनवली आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा ओढून बसवल्या. त्याची सुरुवातीची गाणी दुकानात कधी गेलीच नाहीत. मोबाइलच्या मेमरी कार्डावरून, ब्लूटूथवरून, एका खिशातून दुसऱ्या खिशात अशी ती वाळवंटभर पसरली. कंपनी नाही, जाहिरात नाही. इंडी इंडी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

2024 चा त्याचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ म्हणजे न्यायाची प्रेतयात्रा. गिटार अशी पळते की मागे धूळ दिसते. भाषा तमाशेक, त्याची स्वतःची. इंग्रजीत गा, खप वाढेल, हे त्यालाही कुणीतरी सांगितलंच असेल. तो फ्रान्सला जाब विचारतो, आणि तेवढ्याच जोरात आफ्रिकेतल्या आपल्या पुढाऱ्यांनाही. नायजरच्या आर्लित भागातलं युरेनियम दशकानुदशकं फ्रेंच कंपनीनं खणून नेलं, तिकडं दिवे लागले न् इकडं गावं अंधारात. 2023 च्या जुलैमध्ये देशात लष्करानं सत्ता घेतली तेव्हा हा बँड अमेरिकेत अडकला. मग त्याच गाण्यांची वीज काढून, साध्या गिटारवर, ती पुन्हा रेकॉर्ड केली. 2025 मध्ये आलेला ‘टियर्स ऑफ इनजस्टिस’ तो हाच. दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिला मोर्चा आहे, दुसरा मोर्चानंतरची रात्र. मला दुसऱ्यानं जास्त हलवलं. फक्त एक ध्यानात ठेवा. तुआरेग समाजातही इकलान म्हणून गुलामांचा थर होता. कुणाच्याही बंडाला डोळे मिटून दंडवत घालायचं नाही. त्या बंडाच्या पोटात कोण दबलंय तेही विचारायचं.

आता तिसरा प्रश्न, चावीचा. आज कंपनीच्या जागी फोनमधली खिडकी आलीय. स्पॉटिफायनं 2024 पासून नियम केला, वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला एक पैसा नाही. त्या गाण्यांचा पैसा बाकीच्यांत वाटला जातो. मुकादमानं उद्या सांगावं, हजार गोणींच्या आत उचलल्यास तर मजुरी नाही, तुझी मजुरी हजारवाल्यांना देऊ! गोदी बंद पडली असती. गाणारे मात्र एकेकटे असतात म्हणून खपून जातं. बँडकॅम्प नावाचं एक दुकान 2008 पासून आहे, जिथं गाणाऱ्याकडून थेट विकत घेता येतं. डिजिटल विक्रीवर दुकान शेकडा 15 घेणार, असा तिथला मूळ हिशेब. तिथल्या कामगारांनी 2023 मध्ये युनियन केली. त्याच वर्षी मालक बदलला आणि जवळपास निम्म्या माणसांना घरी पाठवलं. म्हणजे चांगलं दुकानसुद्धा मालकाचंच असतं, हे विसरू नका.

हे सगळं परदेशातलं झालं, असं म्हणून कुणी सुटू नका. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांनी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभा केला. जानेवारी 2018 मध्ये एकोणीस जण पहिल्यांदा मंचावर आले. नाव घेतलं अयोती दास यांच्या ‘जात नसलेले तमिळ’ या विचारावरून. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला गाना, मयताच्या दारात वाजणारी वाद्यं, त्याला जोड रॉकची न् रॅपची. ज्या वाद्याला देवळात मज्जाव, ते बास गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभं. तमिळ मला येत नाही, पण तो ठेका माझ्या पायाला कळला.

तर दोस्तांनो, करायचं काय? भाषणं ऐकून टाळ्या वाजवणारे लई झाले. महिन्याला दहाजणांनी वर्गणी काढा आणि एक अल्बम गाणाऱ्याच्या हातात पैसे पडतील असा विकत घ्या. एकत्र बसून ऐका. शब्द कळले नाहीत तर शोधा, भांडा. मग आपल्या अंकात त्यावर एक पान लिहा, ‘लई भारी’ आणि ‘बकवास’ हे दोन शब्द सोडून. तीन प्रश्नांची उत्तरं द्या, कोण, कुठल्या जिभेनं, चावी कुठं. आणि ज्यांच्या हातात ठेका आहे, गळ्यात आवाज आहे, त्यांनी स्टुडिओची वाट बघत बसू नये. सायकली आपल्याही वस्तीत आहेत, ब्रेकच्या ताराही आहेत. रेकॉर्ड करा, पण कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो कागद चारजणांना मोठ्यानं वाचून दाखवा.

गाणं आपलं असेल तर चावीपण आपलीच राहिली पायजे. एवढंच बोलून थांबतो.