सलग दोन तास

(जळगाव येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



धुळ्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. आज बोलणार आहे रोहिणी गोडबोले यांच्याविषयी. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

जन्म १९५२ चा, पुण्यातला. शाळा मुलींची, म्हणून खालच्या वर्गांत विज्ञानाऐवजी गृहविज्ञान! तिथून आय.आय.टी. मुंबई, अमेरिकेत पीएच.डी., आणि १९७९ मध्ये परत. १९८२ ते १९९५ त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या, नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत.

पदार्थ अगदी आतून कशाचा झालाय, हा त्यांचा विषय. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवले, की त्यांच्यातून निघणारे प्रकाशकणही आपसात धडकतात आणि नको त्या कणांचा पसारा होतो. तो पसारा किती मोठा असेल, हे त्यांनी मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत १९९१ मध्ये दाखवलं. पुढची यंत्रं आखताना हा हिशेब धरावा लागला. तेव्हा त्या विद्यापीठात शिकवतच होत्या.

अशा कामाला प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल, पुस्तकं आणि सलग वेळ. हे मी वर्गात सांगायचे, तेव्हा मुली हसायच्या. त्यांतली एक गणितात माझ्याहून पुढे होती. एम.एस्सी. झाली, लग्न झालं. संशोधनाचा विषय काढला तर सासरचे म्हणाले, "घरबसल्या होतं ना? मग कर की." माणसं वाईट नव्हती. पण घरी बसलेल्या बाईला नळाला पाणी आलं की उठावं लागतं, पाहुणे आले की उठावं लागतं. तिची वही माझ्याकडे आहे. अकराव्या पानावर गणित अर्धं सुटलंय.

रोहिणीताईंनी २००८ मध्ये राम रामस्वामींसोबत भारतातल्या स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्यांचं पुस्तक काढलं, नाव 'लीलावतीज डॉटर्स'. लीलावती म्हणजे भास्कराचार्यांची, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं मठ काढल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. त्यात घराण्यातल्या पुरुषांची नावं ओळीनं दिलेली आहेत. लीलावती मात्र दंतकथेतच राहिली.

तर माझी मागणी छोटी आहे. हा हॉल दर शनिवारी दुपारी रिकामा असतो म्हणे. दोन ते चार तो शिकणाऱ्या मुलींना आणि सुनांना बसायला द्या. बोलावणं तुम्ही त्यांच्या घरी जाऊन करा, नुसती चिठ्ठी पाठवून कुणी सोडणार नाही. आणि चहा कोण करणार ते आजच ठरवा. त्या करणार नाहीत.