उसनी छत्री

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवी माणूस. फौजा आणि करार यांवर बोलण्याचा मला अधिकार काय, असं आपण विचारलंत तर ते रास्तच आहे. पण हा विषय माझ्या घरात शिरला तो रेडिओतूनच, आणि त्याला आता तीस वर्षं झाली.

१९९५ चा जुलै महिना. बी.ए. होऊन काही वर्षं लोटली होती. नोकरी नव्हती, कविता होत्या. तालुक्याच्या गावी आमच्या घरी अब्बा रात्री खरखरणाऱ्या शॉर्टवेव्हवर बीबीसीच्या हिंदी बातम्या लावत. स्रेब्रेनित्सा हे नाव मी प्रथम ऐकलं ते तेव्हा. बोस्नियातलं एक लहानसं गाव. संयुक्त राष्ट्रांनी ते 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेलं. राखणीला काहीशे डच सैनिक. ११ जुलैला बोस्नियन सर्बांची फौज आत शिरली आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. पूर्ण हिशेब जगाला फार उशिरा कळला. पण काहीतरी भयंकर घडतंय, हे बातम्यांवरून समजत होतं.

अब्बांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "एवढे श्रीमंत देश आहेत तिथं. शेजारच्या घराला आग लागली तर बादली काय अमेरिकेहून यायची?"

मी त्या रात्री कविता लिहायला बसलो. झाली नाही. अब्बांचा प्रश्न मात्र राहिला. आज युरोपच्या 'सामरिक स्वायत्तते'वर मोठमोठे लेख येतात, तेव्हा मला तोच प्रश्न आठवतो.

कारण बादली खरोखरच अमेरिकेहून आली. १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला, तेव्हा लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री झाक पूस यांनी ही युरोपची घटका आहे, अमेरिकेची नव्हे, असं जाहीर केलं होतं. पुढची चार वर्षं युरोप चर्चा करत राहिला. अखेर १९९५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेच्या पुढाकारानं 'नाटो'ची विमानं उडाली आणि नोव्हेंबरात तह ठरला तो ओहायो राज्यातल्या डेटनच्या हवाई तळावर. युद्ध युरोपातलं, मेलेले युरोपातले, आणि समेट ओहायोत.

हे असं का व्हावं? १९४९ मध्ये 'नाटो' स्थापन झाली आणि पश्चिम युरोप अमेरिकेच्या छत्रीखाली आला. त्या छत्रीखाली त्यानं घर सावरलं, दवाखाने आणि शाळा उभारल्या, म्हाताऱ्यांना पेन्शन दिली. त्यात वाईट काही नव्हतं. पण छत्री उसनी होती. हे रोखठोक बोलले ते फ्रान्सचे द गॉल. पॅरिस वाचवण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावील का, ही त्यांची शंका होती. १९६० मध्ये फ्रान्सनं स्वतःच्या अणुबॉम्बची चाचणी केली. १९६६ मध्ये तो 'नाटो'च्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला आणि संघटनेचं मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला गेलं. बाकीचे छत्रीखालीच राहिले. ब्रिटनकडे स्वतःचे अणुबॉम्ब आहेत. पण ते वाहून नेणारी ट्रायडंट क्षेपणास्त्रं येतात अमेरिकेबरोबरच्या सामाईक साठ्यातून.

बोस्नियानंतर युरोपला लाज वाटली, हे खरं. डिसेंबर १९९८ मध्ये फ्रान्समधल्या सेंट मालो इथं टोनी ब्लेअर आणि झाक शिराक यांनी युरोपला स्वायत्तपणे कारवाई करता आली पाहिजे, असं लिहून दिलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत आकडा ठरला : २००३ पर्यंत साठ हजार सैनिक, साठ दिवसांत निघू शकतील असे. ते दल ठरल्याप्रमाणे कधी उभंच राहिलं नाही. मग दीड-दीड हजार सैनिकांच्या तुकड्या ठरल्या. २००७ पासून त्या सज्ज होत्या. एकदाही मोहिमेवर गेल्या नाहीत. आम्हा कवींना हा रोग ओळखीचा आहे. संग्रहाचं नाव ठरतं, अर्पणपत्रिकाही लिहून होते, कविता तेवढ्या व्हायच्या असतात.

दोष एकट्या आळसाचा नाही. प्रत्येक देशाचा रणगाडा वेगळा, कारखाना वेगळा, आणि निर्णय मात्र सर्वांच्या एकमतानं. पोलंड आणि बाल्टिक देशांना रशियाची भीती. त्यांना पॅरिसपेक्षा वॉशिंग्टन भरवशाचं वाटत आलं. अमेरिकेची तक्रारही खोटी नव्हती. उत्पन्नाच्या दोन टक्के संरक्षणावर खर्च करायचं २०१४ मध्ये ठरलं, तेव्हा तेवढा खर्च करणारे देश अमेरिका धरून तीनच होते. पण युरोपनं खर्च करावा आणि वेगळा निर्णय मात्र घेऊ नये, अशीही तिची इच्छा असे.

मग २०२५ साल उजाडलं. जानेवारीत डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलंड हवं असं म्हणताना लष्करी बळाची शक्यता नाकारायला नकार दिला. ग्रीनलंड कुणाचं? डेन्मार्कच्या राज्यातलं, आणि डेन्मार्क 'नाटो'चा संस्थापक सदस्य. एकावर हल्ला तो सर्वांवर, हे 'नाटो'चं कलम आजवर एकदाच लागू झालं, तेही २००१ मध्ये अमेरिकेसाठी. त्यानंतर अफगाणिस्तानात त्या चिमुकल्या डेन्मार्कचे चाळीसहून अधिक सैनिक कामी आले. मार्चमध्ये अमेरिकेनं युक्रेनला दिली जाणारी गुप्त माहिती आठवडाभर थांबवली. पाऊस कोसळत असताना मालकानं छत्री परत मागितली तर काय होतं, ते सर्वांना दिसलं.

तेव्हापासून युरोप हलला आहे. जर्मनीनं संरक्षणासाठी कर्जावरची घटनात्मक मर्यादा सैल केली. युरोपीय संघानं दीडशे अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर केली; त्यातल्या खरेदीत बाहेरच्या देशांचे सुटे भाग साधारणपणे ३५ टक्क्यांपर्यंतच चालतील, अशी अट घातली. पण पैशानं बंदूक लगेच येते. उपग्रह, हवेत इंधन भरणारी विमानं, दहा देशांच्या फौजांना एका हुकमात चालवणारी यंत्रणा लवकर येत नाही. आणि जमत नाही असंही नाही. अमेरिकन लष्कराच्या जीपीएसवर विसंबायला नको म्हणून युरोपनं 'गॅलिलिओ' उपग्रह सोडले. अमेरिकेला ते आधी रुचलं नव्हतं. वर्षानुवर्षं रखडत का होईना, २०१६ मध्ये ती सेवा सुरू झाली.

तरी माझा प्रश्न अब्बांचाच आहे. ही नवी छत्री कुणासाठी? आपल्या राजधान्यांपुरती, की कुंपणाजवळच्या गावासाठीही? स्वायत्तता म्हणजे अमेरिकेला नाही म्हणता येणं, एवढंच असेल तर ती मानापमानाची गोष्ट झाली. कुणाची वाट न पाहता शेजाऱ्याच्या मदतीला धावता येणं, तिची खरी कसोटी तिथं आहे.

दर वर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीत, त्या वर्षी ओळख पटलेल्यांचं दफन होतं. हिरव्या कापडात गुंडाळलेल्या पेट्या मी छायाचित्रांतून पाहतो. आठ हजारांतले काहीजण अजून सापडायचे आहेत. अब्बा आता नाहीत. त्यांचा रेडिओ माझ्याकडे आहे आणि ती कविता अजून झालेली नाही.