वहीतले नाव

श्रोतेहो, नोकरी संपली की माणूस गावाकडे परततो, ही आपल्याकडची जुनी रीत. इंग्लंडातले पुष्कळ लोक मात्र नेमके त्याच वयात आपले गाव सोडतात आणि स्पेन देशात राहायला जातात. तिथल्या आलिकान्ते आणि मालागा या प्रांतांच्या समुद्रकाठी त्यांच्या वसाहतीच्या वसाहती आहेत. आलिकान्तेतल्या सान फुल्हेन्सियो या गावी तर परदेशी माणसेच अधिक भरतात.

का जातात म्हणाल, तर पहिले कारण ऊन. सांधे धरलेल्या म्हाताऱ्याला ऊन हे औषधच! दुसरे कारण पैशाचे. ब्रिटनचा पेन्शनर कॅनडात, ऑस्ट्रेलियात किंवा आपल्या भारतात राहायला गेला, तर त्याच्या सरकारी पेन्शनीत दरवर्षीची वाढ मिळत नाही. स्पेनमध्ये ती मिळते. ठरलेला कागद दाखल केला, की औषधपाण्याचा खर्चही ब्रिटन सोसते.

मग अडते कुठे? घर घेतले म्हणजे आपण गावकरी झालो, असे वाटते, तिथेच अडते. स्पेनच्या प्रत्येक नगरपालिकेत रहिवाशांची एक नोंदवही असते. तिला ‘पाद्रोन’ म्हणतात. गावात राहणाऱ्या प्रत्येकाने तीत नाव घातलेच पाहिजे, असा कायदा आहे. सरकारकडून गावाला मिळणारा पैसा या वहीतल्या माणसांच्या संख्येवर ठरतो. तरीही कित्येकांनी वर्षानुवर्षे नाव घातले नाही. कुणाला कराची धास्ती, कुणाला परक्या भाषेची, तर कुणी म्हणे, ‘बघू पुढं.’

पुढे काय झाले? ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी जे स्पेनचे रीतसर रहिवासी होते, त्यांचे हक्क राहिले. बाकीच्यांना सहा महिन्यांत नव्वदच दिवस राहण्याची मुभा, नाहीतर व्हिसा काढा. ज्यांनी ‘बघू’ म्हटले होते, त्यांना स्वतःच्याच घरात राहत असल्याचे पुरावे शोधत हिंडावे लागले.

पण सरकारी वहीपेक्षा मोठी एक वही शेजाऱ्यांच्या मनात असते. तिथे नाव चढते ते बोलण्याने. जोडप्यापैकी एकच जण भाषा शिकतो, बँक आणि डॉक्टर तोच सांभाळतो. तो आधी गेला, तर मागे राहिलेल्याला विजेचे बिलसुद्धा वाचता येत नाही. मग काहीजण घर विकून, ज्या थंडीला कंटाळून निघाले होते, त्याच थंडीत परत जातात.

जे रुजतात, ते हातपाय धड असतानाच दोन्ही वह्यांत नाव घालतात. आठवड्याच्या बाजारात मोडकेतोडके स्पॅनिश बोलतात. लोक हसले तर आपणही हसतात. दुपारी दुकाने बंद असतात, तेव्हा कुरकुर न करता तेही आडवे होतात. आपल्याला काही ही वामकुक्षी नवी नाही!

शिक्षकबंधूंनो, आणि गावोगावच्या श्रोत्यांनो, उतारवयात मुलाकडे शहरात किंवा परदेशी जाणारे आपल्यातही आहेत. त्यांना जाण्यापूर्वी एवढेच सांगा : सामान थोडे न्या, पण तिथली भाषा दोघेही शिका. आणि आपल्या गावी कुणी परका म्हातारा राहायला आला, तर त्याच्याशी पहिला शब्द आपण बोलू या.