बार्शी लाईटचे फोटो आणि त्यांत न आलेली माणसे



बार्शी लाईटचे नाव काढले की श्रोते आधीच हसू लागतात. चालत्या गाडीतून उतरावे, बोरे वेचावीत आणि पुन्हा त्याच गाडीत चढावे, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती आज आम्ही सांगणार नाही. गाडी सावकाश चाले हे खरे. पण का चाले, हे तिच्या भट्टीत ज्यांनी कोळसा टाकला त्यांना विचारावे. आम्ही चारपाच जण त्या गाडीवर राबलो. कोणी फायरमन, कोणी गार्ड, कोणी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर. आणि त्यांतल्या दोघांना फोटोचा नाद होता. त्या सर्वांच्या वतीने हे बोलणे आहे.

मुंबईहून मद्रासकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मोठा मार्ग बार्शीला बगल देऊन गेला. कापसाची एवढी मोठी पेठ, आणि स्टेशन वीसएक मैलांवर! गासड्या बैलगाडीत घालून न्यायच्या. ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने हेरली, आणि मार्च 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी सुरू झाली. अडीच फुटी रूळ इतरांनीही टाकले होते. कॅलथ्रॉपची खुबी वेगळी होती. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, हा त्याचा दंडक. त्यामुळे वाराला तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरला आणि खर्च आटोक्यात आला. पुष्कळ चाकांवर भार वाटायचा म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने पहिल्या इंजिनांना एकमेकांस जोडलेली आठ चाके दिली. ही सामग्री आपल्याकडे येण्याआधी लीड्सजवळ मुद्दाम रूळ टाकून तिची परीक्षाही झाली होती. हेच कॅलथ्रॉपसाहेब पुढे वैमानिकांचा जीव वाचवणारे पॅराशूट तयार करण्याच्या मागे लागले. माणूस हलक्या वस्तूंचा भोक्ता खरा! तेव्हा गाडीचा सावकाशपणा हा आळस नव्हता. हलका रूळ, लहान इंजिन आणि अवघड वळणे ह्यांचा तो हिशेब होता.

लाईन 1906 साली पंढरपुरास पोचली, 1911 साली लातुरास आणि 1927 साली मिरजेस. एकूण दोनशे मैलांचा पसारा. 1 जानेवारी 1954 रोजी कंपनी जाऊन सरकार मालक झाले. लोकांच्या तोंडी मात्र नाव ‘बार्शी लाईट’च राहिले.

पंढरपूरचा फाटा झाला आणि कापसासाठी काढलेली गाडी विठोबाची झाली. कंपनीच्या काळी यात्रेच्या दिवसांत मालाच्या वाघिणींतूनही माणसे नेत. आषाढीला गार्डाने शिटी कधी द्यावी, हा प्रश्न वेळापत्रकावर सुटत नसे. पायरीवर लोंबकळणारा शेवटचा माणूस आत गेला की नाही, टाळ-मृदंगाच्या गजरात ड्रायव्हरला शिटी ऐकू गेली की नाही, हे पाहावे लागे. हिरवा बावटा दोनदोन मिनिटे हलवत ठेवावा लागे.

फायरमनचा कस लागे तो येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात. चढावर भट्टीचे दार उघडले की गार वारा आत शिरतो आणि वाफ पडते. म्हणून कोळसा थोडाथोडा टाकायचा आणि दार लगेच लावायचे. तोही आगीचा थर जिथे पातळ झाला असेल नेमक्या त्याच जागी. उगाच ढीग केला तर धूर होतो, वाफ होत नाही. एक डोळा वाफेच्या काट्यावर, एक पाण्याच्या काचेवर. पावसाळ्यात ओल्या रुळावर चाके जागच्या जागी गरगरू लागली की वाळू सोडायची. रामलिंगाचे रान फार सुंदर आहे, असे डब्यातली मंडळी सांगत.

आता फोटोंकडे वळू. आमच्याकडे होता अगफाचा ‘क्लिक थ्री’. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो, आणि झडपेचा वेग एकच, तोही मंद. धावती गाडी टिपावी तर कागदावर नुसता धूसर पट्टा येई. म्हणून आमच्या फोटोंतली प्रत्येक गाडी उभी आहे. आणि गाडी उभी असली की तिच्यासमोर माणसे येऊन उभी राहतातच. फिटर हातातला पाना न ठेवता उभा, ड्रायव्हरने डोक्याला स्वच्छ रुमाल बांधलेला, चहावाला पोरगा उगाच मध्ये घुसलेला. परदेशातून इंजिनांचे शौकीन येत, त्यांच्याजवळ उत्तम कॅमेरे असत. धूर सोडत वळण घेणारे इंजिन त्यांनी असे टिपले आहे की पाहत राहावे. त्या फोटोंखाली इंजिनाचा नंबर असतो, ठिकाण असते, तारीख असते. ड्रायव्हरचे नाव बहुधा नसते. आमच्या फोटोंमागे तर काहीच लिहिलेले नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचे नाव कोण लिहून ठेवतो?

ह्याहून मोठी उणीव उजेडाची. थंड पडलेले इंजिन पेटवून वाफेवर आणायला कित्येक तास लागत. पहाटेची गाडी सुटायची तर मध्यरात्रीच कोणीतरी भट्टीत लाकडे रचून आग धरवायची. आदल्या दिवशीची राख ओढून काढायची. कंदील घेऊन सांधे बदलायचे. हे सारे काळोखातले काम, आणि ‘क्लिक थ्री’ला भरपूर ऊन लागे. त्यामुळे ज्यांच्यावाचून गाडी हललीच नसती, ती माणसे ना आमच्या फोटोंत आली ना पाहुण्यांच्या. वर्कशॉपातल्या एकाने अंगणात दोरीवर वाळत घातलेले कोळशाचे डाग पडलेले कपडे टिपले आहेत. रात्रपाळीची म्हणता येईल अशी तेवढी एकच खूण आमच्या संग्रहात आहे.

पुढे डिझेल इंजिने आली, मग रूळच रुंद होऊ लागले. 2002 साली कुर्डुवाडी-पंढरपूर रुंद झाला, 2008 पर्यंत लातूरकडचा, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत मिरजेकडचा. लोकांची सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. जुन्या गाडीसाठी गळा काढणाऱ्यांपैकी कितीजण तिच्यातून उभ्याने लातुरास गेले होते, अशी शंका आम्हांला येते.

तेव्हा गाडी राहू द्या. चेहऱ्यांचे तेवढे पाहू. आमच्याकडचे साठ-सत्तर फोटो बाहेरच्या मेजावर मांडले आहेत. त्यांत कोणाचे वडील असतील, मामा असतील, शेजारी असतील. ओळख पटली तर फोटो उलटा करून मागे नाव आणि काम लिहावे. पेन्सिली तिथेच ठेवल्या आहेत. शाईने लिहू नये, ती पुढे उमटते. आणि ज्यांच्या घरची माणसे रात्रपाळीला होती, म्हणून कुठल्याच फोटोत नाहीत, त्यांच्यासाठी शेजारी एक कोरी वही ठेवली आहे.